ऋतुभान (लेखांक ४) : वास कोणासाठी, केव्हा?

पहिल्या तीन लेखांकांत आपण डोळ्यांनी पालवी पाहिली आणि कानांनी पाखरं ओळखली. पिंपळाची तांबूस कोवळी पानं, कुसुंबाची लालबुंद फूट, तांबटाची भर उन्हातली ठोकठोक, कोकिळाची चढत जाणारी साद हे सगळं आता वाचकांच्या ओळखीचं झालं असेल. या आठवड्यात पाळी नाकाची.

फुलाचा रंग दिवसभर तोच असतो. वास मात्र वेळ पाळतो. चैत्रात मोहरलेल्या कडुनिंबाखालून भर दुपारी जा आणि रात्री जेवण झाल्यावर पुन्हा जा. दुपारी जेमतेम जाणवणारा मधासारखा गोडसर वास रात्री रस्त्याच्या दुसऱ्या कडेपर्यंत पोचलेला असतो. वास तयार करायला झाडाला अन्न खर्चावं लागतं, आणि ज्याच्यासाठी तो केला तो पाहुणा यायच्या वेळीच हा खर्च कारणी लागतो. म्हणून वसंतात कोणत्याही झाडापाशी दोन प्रश्न घेऊन उभं राहावं : हा वास कोणासाठी आहे, आणि तो केव्हाचा आहे?

सुरुवात बिनवासाच्या फुलांपासून करू. पळस, पांगारा, काटेसावर ही आपल्या माळरानांवरची आणि डोंगरउतारांवरची सर्वांत भडक फुलं. पळसाचं ताजं फूल उचलून नाकाशी धरा. हाती जवळपास काहीच लागत नाही. या झाडांचे पाहुणे मुख्यतः पक्षी. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर सकाळपासून तिथे भांडत असतात. ते आपलं खाणं बहुतेक डोळ्यांनी शोधतात, आणि लाल-केशरी रंग त्यांना दुरून दिसतो. त्यामुळे झाडाने सगळी मेहनत रंगावर आणि मधुरसावर केलेली असते. नाकाला काहीच लागलं नाही, हीसुद्धा त्या झाडाबद्दलची माहिती आहे.

याच्या उलट टोकाला रात्रीची पांढरी फुलं. मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते आणि अंधारात तिचा वास चढतो. पांढरा रंग अंधुक उजेडात उठून दिसतो आणि वास पतंगांना वाट दाखवतो. हा सगळा कारभार एकाच वेलीवर बघायचा असेल तर सोसायट्यांच्या फाटकांवर चढवलेली मधुमालती बघा. तिचं फूल तिन्हीसांजेला पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि पुढे लाल. पहिल्या रात्री लांब सोंडेचे पतंग येतात, नंतर दिवसाउजेडी मधमाश्या आणि शिंजीर. अंधार पडल्यावर नुकतं उमललेलं पांढरं फूल आणि शेजारचं लाल फूल आळीपाळीने हुंगा. फरक नाकाला आपोआप कळतो.

रात्रीचा आणखी एक मोठा पाहुणा म्हणजे वटवाघूळ. मेळघाटात, गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो, तेव्हा झाडावर पानं जवळजवळ नसतात. मोहाचा वास जड, गोड आणि किंचित उग्र. वटवाघळं रात्री ती मांसल, रसाळ फुलं खायला येतात आणि एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात. उत्तररात्रीपासून फुलं टपटप गळायला लागतात. पहाटे टोपल्या घेऊन घरंच्या घरं मोहाखाली वेचायला बसतात, कारण ऊन चढलं की फुलं सुकू लागतात आणि अस्वलं, चितळंही त्यांच्या मागावर असतात. तिथल्या माणसाला मोह फुलल्याची बातमी पुष्कळदा नाकच आधी देतं.

आता जरा अवघड धडा. मुंबईतल्या जुन्या रस्त्यांच्या कडेला लावलेलं जंगली बदामाचं झाड वसंताच्या तोंडावर फुलतं तेव्हा खाली उभं राहवत नाही, इतकी घाण येते. लोक नाकाला रुमाल लावून गटाराला दोष देतात. फुलं बघायला गेलं तर बारीक, तपकिरी-लालसर आणि देखणी. ही दुर्गंधी माश्यांसाठी आहे, आणि माश्यांना ती प्रिय आहे. आंब्याचा मोहोर आपल्याला हवाहवासा वाटतो, पण त्याच्याही फलधारणेत माश्यांचा मोठा वाटा असतो. सुगंध आणि दुर्गंध ही वाटणी माणसाने आपल्या सोयीने केलेली आहे. ती थोडा वेळ बाजूला ठेवली की नाक बरंच जास्त सांगू लागतं.

वासाची वेळ चुकली तर पोटावर पाय येतो, हे सिंधुदुर्गात सुरंगीकडे बघून समजतं. वेंगुर्ले तालुक्यात फेब्रुवारीपासून सुरंगीच्या जुन्या फांद्यांवर कळ्यांचे दाट झुबके लागतात. ऊन पडून कळी उमलायच्या आत ती काढायला हवी, म्हणून माणसं भल्या सकाळी झाडावर चढतात. उमललेल्या फुलाचा वळेसार, म्हणजे गजरा, टिकत नाही. थोडा उशीर झाला की झाडभर मधमाश्यांचा गुंजारव सुरू होतो आणि वास वाडीभर पसरतो. वळेसार ओवणाऱ्या बायका केवळ वासावरून कळी कधीची ते सांगतात, यात मला नवल वाटत नाही. त्यांचं नाक रोज सरावात असतं.

कारण नाक सरावाने तयार होतं. वास ओळखणारे ग्राहक नाकाच्या पोकळीत अगदी वर, थोड्याशा जागेत असतात. माणसात त्यांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. या ग्राहकांचं मोठं जनुककुल लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये उजेडात आणलं, आणि २००४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. माणसाचं नाक कमकुवत असतं असा समज जुना आहे. अमेरिकेत बर्कलीच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गवतात चॉकलेटच्या वासाची दहा मीटरची दोरी टाकली आणि माणसांना डोळे बांधून, गुडघ्यांवर रांगत तिचा माग काढायला सांगितलं. जवळपास दोनतृतीयांश लोकांना तो काढता आला. ज्यांनी पुढे काही दिवस सराव केला त्यांचा वेगही वाढला.

नाकाची एक खोड मात्र ध्यानात ठेवावी लागते. एकच वास सतत आला की काही मिनिटांत ते त्याची दखल घेणं सोडून देतं. म्हणून झाडाखाली डोळे मिटून लांब श्वास घेत बसण्यापेक्षा लहान लहान हुंगण्या घ्याव्यात. त्यामुळे हवा वरच्या ग्राहकांपर्यंत चांगली पोचते. मग दहा पावलं लांब जावं, थोडं थांबावं आणि परत यावं. वास नव्याने लागतो.

फुलांइतकंच शिकण्यासारखं पानांत आहे. पानांचे वास बहुधा खाणाऱ्यांना लांब ठेवण्यासाठी असतात, म्हणून पान दुखावलं की ते बाहेर पडतात. बेलाचं पान चुरगाळा, मग लिंबाचं, मग कढीपत्त्याचं. तिन्ही झाडं एकाच कुळातली. त्यांच्या पानांत तेलाचे बारीक ठिपके असतात आणि लिंबाचं पान उजेडापुढे धरलं तर ते स्पष्ट दिसतात. डोळे मिटून तिन्ही ओळखता येऊ लागली की नाक रांगेला लागलं असं समजा. निर्गुडी आणि घाणेरीही याच पद्धतीने शिकाव्यात. रुई, कण्हेर, बिट्टी यांना मात्र हात लावू नका. त्यांचा चीक विषारी आहे. परागाचा त्रास असणाऱ्यांनी फूल नाकाला टेकवू नये.

या आठवड्याचा अभ्यास असा. घराजवळचं मोहरलेलं एकच झाड निवडा. कडुनिंब असेल तर उत्तम. पाडव्याला गुळाबरोबर आपण त्याचा मोहोर खातो, तेव्हा चवीची ओळख आधीच झालेली असते. शिरीषही चालेल, तो जरा पुढे, एप्रिल-मेमध्ये फुलतो आणि संध्याकाळी दरवळतो. त्या झाडाखाली पहाटे, दुपारी आणि रात्री जा. वहीत तीन गोष्टी टिपा : वास किती पावलांवरून आला, तो कसा होता, आणि त्या वेळी झाडावर कोण होतं. वासासाठी शब्द शोधताना 'छान' लिहू नका. आंबूस, कडसर, उग्र, ओशट, तुपकट, हिरवट असं काही लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी ताडून बघता येईल.

हा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचा उपयोग वहीच्या बाहेर आहे. शहरात झाड तोडण्याआधी हरकती मागवणारी नोटीस निघते, खोडावरही लागते. बहुतेक जण ती न वाचता पुढे जातात. ज्याने एक संपूर्ण वसंत त्या झाडाखाली तीन वेळा नाक लावलं आहे, कोणत्या वेळी कोणते जीव तिथे येतात हे तारीखवार लिहून ठेवलं आहे, त्याच्याकडे हरकतीत मांडायला ठोस मजकूर असतो. अशी वही प्रत्येक गल्लीत एक तरी असावी असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या आठवड्यात त्वचेकडे वळू : झाडाच्या सावलीतली हवा कौलाच्या किंवा पत्र्याच्या सावलीपेक्षा गार का लागते, आणि वडाची व आंब्याची सावली अंगाला वेगळी कशी जाणवते. तोवर झाड ठरवा आणि वही उघडा.