शब्बाथ सांभाळून सफर



लंडनमध्ये शुक्रवारी ऑफिस सुटलं की तरुण जोडपी पाठीवर बॅग टाकून विमानतळ गाठतात आणि रविवारी रात्री उशिरा परत येतात. शनिवार हा त्यांचा हिंडण्याचा खरा दिवस. आमचं नेमकं उलट. शनिवारी आम्हाला ना गाडी, ना बस, ना पाकिटाला हात. म्हणून निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी वीकएंडला युरोप बघायचं ठरवलं तेव्हा आमच्या मुलीनेच विचारलं, "दोन दिवसांतला एक दिवस हॉटेलात बसून काढणार का?" बसून नाही काढत, चालून काढतो. प्राग पाहिलं, बुडापेस्ट पाहिलं, बेल्जियममध्ये जाऊन आलो. दर वेळी शब्बाथ मधोमध ठेवला आणि बाकीचा प्रवास त्याच्या दोन्ही बाजूंना बसवला. पुष्कळ जण विचारतात की हे जमतं कसं, म्हणून आधी ते सांगून टाकतो.

पहिली गोष्ट घड्याळाची. हॉलंडकडे डिसेंबरात शुक्रवारी चार-सव्वाचारलाच मेणबत्त्या लावाव्या लागतात. म्हणजे दुपारी दोनपर्यंत खोली ताब्यात हवी. पण शनिवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास हव्दाला झाली की सगळी रात्र मोकळी. जूनमध्ये शुक्रवार लांबलचक मिळतो, पण शनिवारी शब्बाथ संपायला रात्रीचे अकरा वाजून जातात. तोवर जेवणाची हॉटेलंही बंद व्हायला लागतात. आम्हाला विचाराल तर थंडी सोसत असेल त्यांनी हिवाळ्यात जावं.

दुसरी गोष्ट किल्लीची. आजकाल सगळीकडे प्लास्टिकचं विजेवर चालणारं कार्ड देतात, ते शब्बाथला चालत नाही. खरी लोखंडी किल्ली जुन्या, लहान हॉटेलांत मिळते. तिथे लिफ्ट नसते, आणि लिफ्ट शब्बाथला आम्हाला तशीही नकोच. पण ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठच्या जुन्या घरांचे जिने म्हणजे माळ्यावर चढायची शिडीच समजा. एका मुक्कामात ह्यांना दोन दिवस पाठमोरं उतरावं लागलं. तेव्हापासून आम्ही पहिला मजला आणि लोखंडी किल्ली, दोन्ही आधी पत्राने लिहून मागतो.

तिसरं जेवण. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे २०२१ पासून इथून तिकडे मांस किंवा दुधाचा पदार्थ नेता येत नाही. आमचं काही अडत नाही. चपात्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणीची चटणी आणि पोह्यांचा चिवडा एवढ्यात दोन दिवस निघतात. किद्दुशसाठी द्राक्षारसाची बाटली वाहून नेत नाही. मूठभर काळ्या मनुका पिशवीत टाकतो, शुक्रवारी दुपारी पेल्यात भिजत घालतो आणि शब्बाथ लागण्याआधी कुस्करून गाळून घेतो. आजीच्या हातचा मनुकांचा शरबत तोच. थर्मासमध्ये गरम पाणी. औषधांच्या डब्या दोघांच्या वेगळ्या, आणि इथलं आरोग्य विम्याचं जीएचआयसी कार्ड पासपोर्टबरोबर. नर्सचा पेशा संपला तरी सवय सुटत नाही.

चौथी गोष्ट मात्र पिशवीत भरून नेता येत नाही. सिनेगॉगच्या दारात उभं राहिलं की आम्ही कोण हे पटवून द्यावं लागतं.

युरोपात आता पत्र पाठवल्याशिवाय, पासपोर्टची प्रत दिल्याशिवाय बहुतेक सिनेगॉगमध्ये आत घेत नाहीत. त्याबद्दल आमची तक्रार नाही. २ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन योम किप्पूरच्या दिवशी, मँचेस्टरच्या सिनेगॉगवर हल्ला झाला आणि दोन माणसं गेली. पहारा हवाच. पण एका शहरात (नाव मुद्दाम देत नाही) आम्ही पत्र, प्रती सगळं आधी पाठवलेलं असताना आम्हाला शब्बाथच्या सकाळी वीस मिनिटं पावसात उभं केलं. पहाऱ्यावरच्या मुलाने आमच्या तोंडाकडे बघून पहिला प्रश्न केला, "तुम्ही हिंदू ना?" मग मागचा सण कोणता, या आठवड्याची पराशा कोणती, तुमचा सिनेगॉग कुठला. ह्यांनी सगळ्याची उत्तरं दिली. शेवटी डोळ्यांवर हात ठेवून शेमा म्हटला. तर तो म्हणतो, हे कुणीही पाठ करू शकतो. तेवढ्यात आमच्या मागून आलेलं गोरं जोडपं एका प्रश्नात आत गेलं. आमचं दुःख तपासणीचं नव्हतं, दोन मापांचं होतं. १९६४ साली इस्रायलमध्ये आपल्या लोकांनी झगडून जे मान्य करून घेतलं, ते दारातल्या त्या पोराला कुणी शिकवलं नव्हतं. अखेर आतून एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांनी आमचं पत्र वाचलेलं होतं, ते हाताला धरून आत घेऊन गेले.

त्या रात्री हॉटेलात ह्यांना १७६८ सालच्या पत्राची आठवण झाली. कोचीनचे एहेज्केल राहाबी हे डच कंपनीचे मोठे व्यापारी. त्यांनी त्या वर्षी हॉलंडमधल्या हेग शहरातले ज्यू सावकार तोबियास बोआस यांना एक पत्र लिहिलं. त्यात मराठ्यांच्या मुलखात पसरलेल्या बेने इस्राएल लोकांचा उल्लेख आहे. हे लोक तेल गाळतात, त्यांना शेमा ठाऊक आहे आणि ते शब्बाथला काम बंद ठेवतात, असं त्यांनी कळवलं. आपल्या लोकांच्या ज्यू रीतीभातींबद्दल लिहून ठेवलेल्या सुरुवातीच्या माहितीत हे पत्र मोडतं. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी आपली ओळख दोनच गोष्टींवर पटली होती, शेमा आणि शब्बाथ. "चल, ते पत्र जिथे पोचलं ते गाव तरी बघून येऊ," हे म्हणाले.

त्यात अडचण निघाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमला फुटबॉलच्या सामन्यानंतर इस्रायली प्रेक्षकांवर हल्ले झाले होते. मुलीचं म्हणणं, या वयात तिकडे जायची काही गरज नाही. ह्यांचा गुडघाही दुखत होता, आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या यादीत नाव घातलेलं होतं. आम्ही म्हटलं, त्याआधीच जाऊन येऊ. २०२५ च्या मे महिन्यात निघालो.

गुरुवारी संध्याकाळी लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून हार्विचची गाडी आणि तिथून रात्रीची बोट. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसलेल्या माणसाला ही बोट म्हणजे तरंगती चाळच वाटावी. स्वतंत्र केबिन, पलंग, न्हाणीघर. झोप बरी लागली. सकाळी आठच्या सुमारास हूक ऑफ हॉलंडला उतरलो. धक्क्याजवळच आता मेट्रो येते. तिने स्खीडाम आणि तिथून रेल्वेने हेग. बॅगा स्टेशनात ठेवल्या.

बोआस यांचं घर शोधायला आम्ही गेलो नव्हतो. प्रिन्सेसेखराख्ट या रस्त्यावर पोर्तुगीज ज्यूंचा १७२६ सालचा सिनेगॉग उभा आहे, तो बाहेरून पाहिला. आज तिथे लिबरल ज्यू मंडळी प्रार्थना करतात. कोचीनचं पत्र या शहरात आलं तेव्हा ही इमारत बेचाळीस वर्षांची होती. फाटकासमोर चपातीची गुंडाळी करून खाल्ली आणि पुढे निघालो.

वागेनस्ट्राट हा रस्ता चिनी दुकानांचा. तिथे अश्केनाझींचा मोठा सिनेगॉग होता. युद्धानंतर माणसंच उरली नाहीत, इमारत विकली गेली, आणि आता तिथे तुर्की लोकांची मशीद आहे. आम्ही दोघं जरा वेळ गप्प उभे राहिलो. मग हे म्हणाले, "आपण तर मुंबईत सिनेगॉगलाच मशीद म्हणायचो." खरंच आहे. सामुएल दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलेली ती जुनी मशीद, आणि मशीद बंदर स्टेशनाचं नाव तिच्यावरूनच पडलं असं आपल्याकडे सगळे सांगतात. नमाजाहून परतणाऱ्या एका आजोबांनी आम्हाला मान लवून सलाम केला, आम्हीही केला.

तिथून जवळच, पूर्वीच्या ज्यू वस्तीत, मुलांचं स्मारक आहे. स्टीलच्या लहानमोठ्या खुर्च्या, शिडीसारख्या, मुलांनी चढून खेळावं अशा. हेगमधून नेलेल्या आणि परत न आलेल्या ज्यू मुलांसाठी ते केलेलं आहे. आम्ही गेलो तेव्हा शाळा सुटलेली दोन पोरं वरच्या खुर्चीवर बसून बिस्किटं खात होती. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

दुपारच्या गाडीने ॲमस्टरडॅम. मे महिना, शब्बाथ लागायला नऊ वाजणार, त्यामुळे घाई नव्हती. मनुका भिजल्या, किल्ली लोखंडी मिळाली, जिना मात्र तसलाच.

शनिवारी सकाळी पोर्तुगीज सिनेगॉगमध्ये गेलो. नावं महिनाभर आधी कळवली होती. दारावर पहारा होता, पासपोर्ट पाहिले, दोन प्रश्न विचारले आणि "शब्बाथ शालोम" म्हणून आत सोडलं. तेवढंच. ह्यांनी शेमाची तयारी ठेवली होती, ती वाया गेली.

हा सिनेगॉग १६७५ सालचा, म्हणजे आम्ही गेलो त्या वर्षी त्याला साडेतीनशे वर्षं झाली. आत आजही वीज घेतलेली नाही. पितळेच्या मोठमोठ्या झुंबरांत मिळून हजारभर मेणबत्त्या लागतात. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली असते, बुटांचा चिखल शोषून घ्यायला आणि पावलांचा आवाज मारायला. उंच काचांतून सकाळचं ऊन थेट त्या वाळूवर पडत होतं. बायकांची जागा वर गॅलरीत. प्रार्थना सेफार्दी पद्धतीची, म्हणून चाल वेगळी असली तरी क्रम ओळखीचा होता, कुठे चुकल्यासारखं झालं नाही. काही घोषणा अजून पोर्तुगीज भाषेत करतात. आपल्याकडे मराठीत कीर्तनं म्हणत, तसंच त्यांचंही जुन्या भाषेवर प्रेम.

शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, कुठून आलात? भारतातले म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "कोचीन?" कोचीन त्यांना ठाऊक असणारच. १६८६ मध्ये याच ज्यू समाजातले मोझेस परेरा द पाइवा कोचीनला जाऊन आले, त्यांनी तिथल्या ज्यूंची हकिकत लिहिली आणि ती १६८७ मध्ये ॲमस्टरडॅमला छापली गेली. पुढे इथे छापलेली हिब्रू पुस्तकं कोचीनला जात राहिली, आणि एकोणिसाव्या शतकात कोचीनचे शिक्षक आपल्या लोकांना शिकवायला आले. म्हणजे आमच्या पणजोबांपर्यंत जी प्रार्थना पोचली तिचा एक धागा या वाळूच्या जमिनीवरून गेलेला आहे. पण कोकण म्हणजे काय हे त्या बाईंना माहीत नव्हतं. शब्बाथला लिहिता येत नाही, म्हणून बाकाच्या लाकडावर बोटाने नकाशा काढला. इथे कोचीन, इथे मुंबई, आणि मध्ये हे नवगाव, जिथे आपली बोट फुटली. त्यांनी आणखी दोघींना बोलावून तोच नकाशा पुन्हा काढायला लावला.

दुपारी पायीच आसपास हिंडलो. सिनेगॉगच्या मागच्या चौकात गोदी कामगाराचा पुतळा आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये नाझींनी शेकडो ज्यू तरुणांना इथून पकडून नेलं, तेव्हा २५ फेब्रुवारीला ॲमस्टरडॅमच्या कामगारांनी संप केला. ट्रामवाले, गोदीवाले, कुणीही ज्यू असायची अट नव्हती. हिंदुस्थानात आपल्याला शेजाऱ्यांनी कधी ज्यू म्हणून त्रास दिला नाही हे आपण नेहमी अभिमानाने सांगतो. तो पुतळा बघताना त्या शेजाऱ्यांची आठवण झाली. बाजूलाच वाटरलोप्लाइनचा जुना बाजार भरला होता. तांब्याची सुरेख किटली दिसली. पैसे जवळ नव्हते, घेता आली नाही, ह्यांना हायसं वाटलं. रात्री साडेदहा उलटून गेल्यावर हव्दाला केली.

रविवारी गाडीआधी नावांच्या स्मारकाकडे गेलो. हे २०२१ साली उघडलं. हॉलंडमधून नेऊन मारलेल्या १ लाख २ हजारांवर माणसांसाठी एकेक वीट, विटेवर नाव, जन्मतारीख आणि मृत्यूसमयीचं वय. युद्धापूर्वी या देशात साधारण १ लाख ४० हजार ज्यू होते, म्हणजे दर चारांमागे तीन गेले. नावं आडनावांच्या क्रमाने लावलेली आहेत. ह्यांनी काठी टेकत 'ब' अक्षराची भिंत शोधून काढली. बोआस आडनावाच्या विटा होत्या. एक नाही, पुष्कळ. त्या आमच्या बोआस यांच्या घराण्यातल्या की दुसऱ्या कुणाच्या, ते विटेवर लिहिलेलं नसतं. आम्ही खालून सुरुवात करून एकेक नाव मोठ्याने वाचलं, आणि प्रत्येकाशेजारी थोडं थांबलो.

मग स्टेशन गाठलं. ॲमस्टरडॅमहून लंडनची थेट गाडी चार तासांत आणून सोडते. उरलेला चिवडा ब्रसेल्स येण्याआधी संपला.

पुढचा बेत व्हेनिसचा आहे, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर. १५१६ सालचा गेट्टो बघायचा आहे. तिथे पूलच पूल, आणि प्रत्येक पुलाला पायऱ्या. नोव्हेंबरमध्ये जाणार, शब्बाथ संध्याकाळी लवकर संपतो. कुणी तिथे लोखंडी किल्लीच्या हॉटेलात राहिलं असेल तर या पत्रिकेच्या पत्त्यावर जरूर कळवावं.