शंख, चक्र आणि हूव्हर

स्वतःची दहा बोटं जरा उजेडात धरा. कुठल्या बोटावर चक्र आहे, कुठल्यावर शंख? आपल्याकडे ही मोजणी नशीब सांगायला करतात. जे. एडगर हूव्हरच्या कचेरीत ती माणूस हुडकायला व्हायची.

मे १९२४ मध्ये, पुढे एफबीआय झालेल्या अमेरिकी तपास खात्याची सूत्रं हूव्हरकडे आली तेव्हा तो २९ वर्षांचा होता. चोरामागे धावणारा शिपाईगडी मात्र नव्हे! विद्यार्थिदशेत रात्री कायद्याचा अभ्यास आणि दिवसा लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये नोकरी. नीट लिहिलेलं कार्ड योग्य खणात असलं की लाखोंतून हवं ते हाती लागतं, हा धडा तिथला.

त्याच वर्षी निरनिराळ्या ठिकाणची ८,१०,१८८ ठसेपत्रं वॉशिंग्टनला एकत्र आली. एवढ्या ढिगातून एक माणूस काढायचा कसा?

उत्तर कलकत्त्यात तयार होतं. १८९७ साली तिथे ठशांचं कार्यालय सुरू झालं. पद्धतीला नाव मिळालं एडवर्ड हेन्री या साहेबाचं. डोकं मात्र अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या त्याच्या हाताखालच्यांचंही. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. पहिल्या जोडीत चक्र असेल तर १६ गुण, पुढच्या जोड्यांत ८, ४, २, १. चक्र नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतलं एक बोट एका बेरजेत, दुसरं दुसरीत. शेवटी दोन्हींत एकेक मिळवायचा. दोन्ही आकडे १ ते ३२ मधलेच येणार, म्हणजे ३२ गुणिले ३२, एकूण १,०२४ कप्पे! संगणकाची द्विमान भाषाच ही, संगणकाच्या कितीतरी आधी. एकही चक्र नसलेल्यांचा कप्पा अर्थात फुगायचा, म्हणून पुढे पोटविभाग.

१९४६ पर्यंत कार्डं दहा कोटींवर गेली.

पण खण गुन्हेगारांपुरते राहिले नाहीत. १९१९ पासूनच हूव्हर जहालांची कार्डं लिहवून घेत होता. दोन वर्षांत नावं साडेचार लाखांच्या घरात. ही खोड सुटली नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरही पाळत होती. आठ राष्ट्राध्यक्ष आले-गेले, हूव्हर ४८ वर्षं खुर्चीत. १९७६ च्या कायद्याने संचालकाची मुदत दहा वर्षांवर आणली.

हूव्हर २ मे १९७२ रोजी गेला. त्याची खासगी कागदपत्रं त्याच्या सेक्रेटरीने, हेलन गँडीने, नष्ट केली.