मॉनिटरवर अक्षरे पुसट दिसतात? नवा घेण्याआधी हे तपासा

लॅपटॉप आता लहान दुकानांतही पोहोचला आहे. बिले, हिशेब, जीएसटीचे काम, लग्नपत्रिकांची जुळणी सारे त्यावरच होते. पण लॅपटॉपचा पडदा पडला लहान. म्हणून अनेक व्यापारी बंधू त्याला मोठा मॉनिटर जोडतात आणि मग तक्रार सुरू होते, की लॅपटॉपवर स्वच्छ दिसणारी अक्षरे मॉनिटरवर धुरकट दिसतात.

आमच्या ओळखीच्या एका छपाईवाल्यांना याचा चांगलाच फटका बसला. प्रूफ तपासताना एका नावावरचा अनुस्वार नजरेतून सुटला आणि दोनशे पत्रिका पदरच्या पैशाने पुन्हा छापून द्याव्या लागल्या. मराठीचा अनुस्वार काय किंवा उर्दूचा नुक्ता काय, एका ठिपक्याने नाव बदलते. मॉनिटर बदला, असा सल्ला त्यांना मिळाला होता. प्रत्यक्षात मॉनिटर ठणठणीत होता. दोष होता एका सेटिंगचा आणि तो एक पैसाही खर्च न करता दूर झाला.

मूळ कारण कोणते?

मॉनिटरचा पडदा ठराविक ठिपक्यांचा बनलेला असतो. फुल एचडी मॉनिटरवर १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. अनेक जुन्या लॅपटॉपचा पडदा मात्र १३६६ × ७६८ चा, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपक्यांचा असतो. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवायला सांगितले, की दोघांना झेपेल असे लहान माप निवडले जाते. मग मॉनिटर ते ताणून आपला पडदा भरतो. ताणलेले चित्र पुसट होणारच.

उपाय सोपा आहे. विंडोजच्या लॅपटॉपवर विंडोजचे बटण दाबून धरून पी दाबावे. ‘डुप्लिकेट’ऐवजी ‘एक्स्टेंड’ किंवा ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडावे. नंतर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जाऊन बाहेरचा मॉनिटर निवडावा आणि ज्या रिझोल्यूशनपुढे ‘रेकमेंडेड’ लिहिले असेल तेच ठेवावे. अक्षरे बारीक वाटली तर रिझोल्यूशन कमी करू नये. त्याखातर ‘स्केल’ आहे. ते १२५ किंवा १५० टक्के करावे. अक्षरे मोठी होतील आणि स्वच्छही राहतील.

एखादाच प्रोग्रॅम पुसट असेल तर

पेजमेकरसारखे जुने प्रोग्रॅम स्केल वाढवल्यावर धुरकट दिसतात, कारण ते लिहिले गेले तेव्हा ही सोय नव्हती. अशा वेळी त्या प्रोग्रॅमच्या आयकॉनवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीज, मग कम्पॅटिबिलिटी आणि त्यात ‘हाय डीपीआय सेटिंग्ज’ उघडावे. तेथे सर्वात खाली ओव्हरराइडच्या चौकोनात टिक करून ‘ॲप्लिकेशन’ निवडावे. अक्षरे स्वच्छ होतील, पण मेनू बारीक होतील, हे लक्षात ठेवावे.

वायरचा दोष कधी?

जुनी निळी व्हीजीए वायर १५ पिनांची असते. ही पद्धत आयबीएमने १९८७ साली आणली. तिच्यातून चित्र विजेच्या कमी-जास्त दाबाच्या रूपाने जाते. त्यामुळे वायर लांब किंवा हलकी असली, की अक्षरांच्या कडेला सावली येते. मॉनिटरवरचे ‘ऑटो ॲडजस्ट’ बटण दाबून पाहावे. फरक न पडल्यास आणि दोन्हीकडे सोय असल्यास एचडीएमआय वायर लावावी.

एचडीएमआयमधून मात्र चित्र आकड्यांच्या रूपाने जाते. ती वायर खराब असली तर चित्र लुकलुकते, ठिणग्यांसारखे ठिपके उडतात किंवा पडदा काळा होतो. अक्षरे मंद धुरकट होत नाहीत. तेव्हा धुरकटपणावर इलाज म्हणून कोणी सोनेरी टोकांची महागडी वायर गळ्यात मारू लागला, तर नम्रपणे नकार द्यावा.

टीव्ही जोडला असेल तर

काही दुकानांत मॉनिटरऐवजी टीव्हीच जोडतात. अनेक टीव्ही चित्राच्या कडा कापून उरलेले चित्र ताणतात. टीव्हीच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा तशाच नावाची सोय शोधून सुरू करावी. शार्पनेस कमी करावा. एचडीएमआय इनपुटला ‘पीसी’ हे नाव देता येत असेल तर तेही द्यावे. रंगीत अक्षरांच्या, विशेषतः लाल अक्षरांच्या कडा अनेक टीव्हींवर त्याने सुधारतात.

एवढे करूनही समाधान झाले नाही, तर पडद्याचा आकार पाहावा. १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर एका इंचात सुमारे १४१ ठिपके बसतात, २७ इंची फुल एचडी मॉनिटरवर केवळ ८२. तेथे अक्षरे थोडी जाडीभरडी दिसणारच. तो बिघाड नव्हे. दिवसभर अक्षरांचेच काम असणाऱ्यांनी २७ इंची मॉनिटर घेताना २५६० × १४४० चा घ्यावा.

थोडक्यात, आधी सेटिंग, मग वायर आणि सर्वात शेवटी मॉनिटर, हा क्रम पाळावा. आणि खरेदी करायचीच झाली, तर आपला लॅपटॉप दुकानात नेऊन, आपलीच एखादी फाईल त्या पडद्यावर उघडून मगच पैसे मोजावेत.