‘आम्ही’ आणि ‘आपण’ : कामाच्या जागची भाषा

खामगावचा कापसाचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. पऱ्हाटीवरून वेचलेला कापूस बाजारात येतो, बाजारातून जिनात जातो, आणि तेथे सरकी व रुई यांची ताटातूट होऊन रुईच्या गठाणी बांधल्या जातात. हा व्यवहार या गावास नवा नाही. अमेरिकेत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस विलायतेस पोहोचेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसास एकाएकी मोल चढले. पुढे १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे १३ किलोमीटरांचा रेल्वेचा फाटा घालण्यात आला. त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आले होते. एवढ्या लहानशा फाट्यास एवढा मोठा पाहुणा यावा, यावरूनच या गावच्या कापसाची तेव्हाची पत कळून येते.

परंतु आजचा विषय कापूस हा नव्हे. कापसाच्या कामावर जी माणसे एकत्र येतात त्यांच्या परस्परांशी बोलण्याचा हा विषय आहे. तो नीट समजावा म्हणून आधी जिनाची थोडी माहिती करून घेतली पाहिजे.

दुहेरी रुळाच्या जिनात कातड्याच्या चकत्यांचे दोन रूळ फिरत असतात व त्यांच्याशी लागून सुऱ्या असतात. रूळ कापसाचे तंतू ओढून घेतो, सुरी सरकीस अडविते, आणि मोकळी झालेली सरकी खाली गळून पडते. या कापसात एखादा खिळा, तारेचा तुकडा किंवा गोटा आला, तर सुरीवर आपटून ठिणगी उडते. कधी यंत्राचे बेअरिंग तापूनही तेच होते. कापसाची आग मोठी विलक्षण असते. वरून उडणारी बारीक रुई क्षणात भडकते खरी. पण गंजीच्या पोटात शिरलेली ठिणगी ज्वाळा न दाखविता तासन् तास धुमसत राहू शकते. गठाणीत बांधली गेली, तर ती गठाणीतही जिवंत राहते. धूर दिसावयास लागेपर्यंत बराचसा माल हातचा गेलेला असतो. आणि भोवती माणसे असली तर केवळ मालावरच निभावेल असेही नाही.

ही ठिणगी प्रथम कोणास दिसते? मालक गादीवर असतो, दिवाणजी वहीपाशी, मेस्त्री इंजिनाच्या बाजूस. ठिणगी दिसते, किंवा जळका वास प्रथम येतो, तो यंत्राच्या तोंडाशी कापूस लोटणाऱ्या अथवा रुई उचलणाऱ्या बाईस. त्या आवारात सर्वांत कमी रोजाची ती बाई. तिने त्याच क्षणी मोठ्याने हाक दिली, तर बादलीभर पाण्याने काम भागते. ती हाक देईल की नाही, हे मात्र त्या दिवशी ठरत नाही. ते गेल्या सहा महिन्यांत तिच्याशी कोण कोणत्या शब्दांत बोलला, यावरून आधीच ठरून गेलेले असते. काल तिने काही सांगावयास तोंड उघडले असता “तुला काय कळते, आपले काम कर,” असे उत्तर मिळाले असेल, तर आज वास आला तरी ती दोनदा विचार करील. आपला भ्रम असला तर? यंत्र थांबले आणि काहीच निघाले नाही तर? त्या दोन विचारांत जेवढा वेळ जातो तेवढा आगीस पुरतो.

हा प्रकार केवळ जिनातच घडतो असे समजू नये. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या ताब्यातील टेनेरिफ बेटावर दोन प्रचंड विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. दाट धुके होते, बिनतारी संदेशांत घोटाळा झाला होता, इतरही कारणे होती. पण त्यांत एक गोष्ट मन विषण्ण करणारी आहे. वेग घेऊ लागलेल्या विमानातील यांत्रिकास शंका आली की समोरचे विमान अजून वाटेतच असावे, आणि त्याने ती बोलूनही दाखविली. मुख्य वैमानिक त्या कंपनीतील अत्यंत मानाचा व अनुभवी गृहस्थ होता. त्याने ठामपणे शंका उडवून लावली, आणि यांत्रिक पुन्हा बोलला नाही. त्यानंतरच्या काळात हाताखालच्याने शंका कशी काढावी आणि वरच्याने ती कशी ऐकून घ्यावी, याचे रीतसर शिक्षण वैमानिकांस देण्याची पद्धत जगभर रूढ झाली. जपानात टोयोटाच्या मोटारींच्या कारखान्यात तर दोष दिसताच दोरी ओढून कामाची सबंध रांग थांबविण्याचा अधिकार साध्या कामगारास देण्यात आला. अधिकार कागदावर देणे सोपे आहे. दोरी ओढण्यास हात उचलला जावा, यास मात्र भोवतालची भाषा अनुकूल असावी लागते.

आता आपल्या मराठीकडे वळावे. इंग्रजीत समोरच्या माणसास, तो राजा असो की रंक, एकच सर्वनाम लागते. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशा तीन पायऱ्या आहेत, आणि तोंड उघडताच कोणत्या तरी पायरीवर पाय ठेवावाच लागतो. नुसते ‘ये’ की ‘या’, एवढ्या एका अक्षरात ऐकणाऱ्यास आपली किंमत समजते. ‘तू’ मुळातच वाईट असे कोणी म्हणणार नाही. आईस आणि देवास आपण ‘तू’च म्हणतो. परंतु तेथे ‘तू’ प्रेमाने खाली उतरते. कचेरीत ते वरून फेकले जाते. पन्नाशी उलटलेल्या शिपायास पंचविशीचा साहेब एकेरीत हाक मारतो आणि त्याच दमात नव्या कारकुनास ‘अहो’ म्हणतो, तेव्हा कोणी काही बोलत नाही, पण प्रत्येकाने टीप घेतलेली असते. वऱ्हाडात तर बोलण्याच्या शेवटी सहज ‘जी’ लावण्याची गोड चाल आहे. हा ‘जी’ खालून वर जातो तसा वरून खाली किती वेळा येतो, हे ज्याने त्याने आपल्या कचेरीत एक दिवस मोजून पाहावे. (घरातही मोजण्यास हरकत नाही. भांडी घासणाऱ्या बाईंस आपल्या घरातली मुले काय म्हणतात, हे मुलांनी कोणाकडून तरी ऐकलेलेच असते.)

याहून सूक्ष्म भेद ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचा आहे. इंग्रजीत या दोहोंना एकच शब्द पुरतो. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो; ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. “आम्ही असे ठरविले आहे की उद्यापासून कामावर एक तास आधी यावयाचे,” या वाक्यात ठरविणारे निराळे आणि येणारे निराळे. “उद्या माल फार आहे, आपण एक तास आधी सुरुवात करू,” यात बोलणाराही त्या तासाचा धनी होतो. शिवाय हाच ‘आपण’ समोरच्यास मानाने संबोधण्याचाही शब्द आहे. सामावून घेणे आणि मान देणे या दोहोंसाठी मराठीने एकच शब्द राखला, ही भाषेची मोठी शहाणी काटकसर म्हणावी लागेल.

मात्र येथे एक लबाडी संभवते आणि ती हल्ली बरीच बोकाळली आहे. काम सांगावयाचे तेव्हा ‘आपण’, आणि वाटणीची वेळ आली की ‘आम्ही’! “आपण सगळे एका कुटुंबातले,” असे म्हणून रात्री उशिरापर्यंत बसवून घेणारा अधिकारी बक्षिसाच्या यादीत त्याच कुटुंबीयांस विसरतो. असा ‘आपण’ ऐकण्यापेक्षा सरळ ‘आम्ही’ पत्करला. त्यात निदान फसवणूक नाही.

तिसरी गोष्ट क्रियापदांची. मोठ्या माणसाकडून चूक घडली की मराठी वाक्यातून कर्ता नाहीसा होतो: “हिशेबात थोडी चूक झाली.” तीच चूक हाताखालच्याची असली की कर्ता वाक्याच्या अग्रभागी येऊन उभा राहतो: “तू चूक केलीस.” ‘होणे’ आणि ‘करणे’ या दोन धातूंची अशी वाटणी व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकात सापडत नाही, पण मराठी बोलणाऱ्या बहुतेक कचेऱ्यांत ती पाळली जाते. जेथे वरिष्ठ “मी चूक केली” असे चारचौघांत म्हणतो आणि कनिष्ठाविषयी “हे कसे झाले ते पाहू या” असे म्हणतो, तेथे चुका लपविण्याचे प्रमाण कमी होते; कारण लपविण्याचे प्रयोजनच उरत नाही.

आता कोणी म्हणेल की पोटास पुरेसे मिळत नसता ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा घोळ कशाला? आक्षेप खोटा नाही. १८८४-८५ साली मुंबई सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे शेजारच्या खानदेशातील जिनांविषयी साक्षी झाल्या. हंगामात बाया पहाटे चार-पाचला कामास लागून रात्री आठ-नऊला सुटत असत, असे त्यांत आढळते. १८८१ चा कारखान्यांचा कायदा वर्षातून चार महिन्यांहून अधिक न चालणाऱ्या कारखान्यांस लागूच नव्हता; त्यामुळे हंगामी जिन त्यातून सुटत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा संघटित केली आणि १८९० साली रविवारची सुटी मिळविली, ती गोड बोलून मिळाली नाही. अर्ज, सभा आणि चिकाटी यांनी मिळाली. तेव्हा रोज, कामाचे तास आणि सुटी यांच्या जागी मधुर वाणी ठेवू पाहणारा मालक हा ठकच समजावा. पण कायद्याने तास मोजता येतात, हाक मारण्याची रीत मोजता येत नाही. ती ज्याच्या हाती वर्चस्व असते त्याच्याकडूनच सुरू व्हावी लागते.

याचे एक उदाहरण खामगावकरांच्या अगदी शेजारी आहे. पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी खामगावास येते, आणि येथून शेगावपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात हजारो माणसे तिच्याबरोबर पायी चालतात. शेगावचे संस्थान १९०८ साली, महाराजांच्या हयातीतच स्थापन झाले. श्रद्धेचा प्रश्न बाजूस ठेवून निव्वळ कामाची जागा म्हणून त्याकडे पाहिले तरी नवल वाटते. गर्दीच्या दिवशीही आवार स्वच्छ, रांगा शिस्तीत, आणि जोडे सांभाळणाऱ्यापासून पंगतीत वाढणाऱ्यापर्यंत सेवेकऱ्यांच्या तोंडी एकच संबोधन – ‘माऊली’. ‘माऊली’ हा वारकऱ्यांचा शब्द ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा पेचच नाहीसा करतो. मोटारीतून आलेला व्यापारीही माऊली आणि अनवाणी आलेली म्हातारीही माऊली. रांगेत घुसणाऱ्यास “माऊली, मागे या” असे म्हटले, तर आज्ञा पाळली जाते आणि अपमानही होत नाही.

परंतु शब्द एकटा टिकत नाही. सुमारे सहा दशके त्या संस्थानाच्या कारभारात ज्यांनी आयुष्य वेचले ते शिवशंकरभाऊ पाटील ४ ऑगस्ट २०२१ रोजी वारले. संस्थानाचे पाणीसुद्धा ते स्वतःसाठी घेत नसत, असे त्या परिसरात सर्वतोमुखी आहे. ज्या जागी मुख्य माणूस पेलाभर पाणी घेत नाही, तेथे सेवेकऱ्याने बक्षिसी घेऊ नये, असा नियम भिंतीवर लिहिण्याचे कारण पडत नाही. त्यांस लोक ‘साहेब’ म्हणत नसत, ‘भाऊ’ म्हणत. वऱ्हाडात हा शब्द मोठेपणाचा आहे तसाच जवळिकीचाही.

शेगावची रीत जशीच्या तशी उचलून कारखान्यात नेता येईल, असे मात्र मानू नये. अनेक सेवेकरी तेथे श्रद्धेने येतात, ठराविक दिवस राबतात आणि घरी जातात. जिनातील बाई पोटासाठी येते आणि उद्याही तिला यावयाचेच असते. कारखान्याची उदाहरणे कारखान्यांतूनच घ्यावीत. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली, आणि तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांस कारखान्याच्या राखणीवर नेमले. गावाने ज्यांस चोर म्हटले त्यांस ‘राखणदार’ हे नाव मिळाले, आणि त्या नावास जागण्याची संधीही. त्याच वाडीत १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे छोटे पत्रक निघू लागले. नांगर विकणाऱ्या कारखान्याने छापलेला शब्दही जपावा, ही गोष्ट त्या काळी अपूर्वच होती.

जिनातील मुकादमास काही मोठी विद्या शिकावी लागते असे नाही. हजेरी घेताना “ए, ती कोपऱ्यातली” असे न म्हणता नावापुढे ‘बाई’ किंवा ‘ताई’ लावून हाक मारावी. चूक दाखवावयाची ती बाजूस नेऊन दाखवावी, शाबासकी द्यावयाची ती सर्वांदेखत द्यावी. अलीकडे ठेकेदाराच्या मार्फत दूरदेशीचे मजूर येतात, त्यांस मराठी समजत नाही. त्यांच्या भाषेतील ‘आग’, ‘थांबा’ आणि ‘पळा’ हे तीन शब्द तरी मुकादमास पाठ असावेत, आणि आपले तीन त्यांस.

खरी परीक्षा मात्र खोट्या हाकेच्या दिवशी होते. श्रोतेहो, अशी कल्पना करा की त्या बाईने वास आला म्हणून हाक दिली, पट्टा उतरविला गेला, यंत्रे थांबली, गंजी उकरली, आणि काहीच निघाले नाही. वास बाहेरच्या चुलीचा होता. अर्धा तास गेला, बाहेर गाड्यांची रांग वाढली, गाडीवान कुरकुरू लागले. सगळ्यांच्या नजरा आता मुकादमाकडे आहेत, आणि ती बाई पदराने हात पुसत खाली मान घालून उभी आहे. मुकादम म्हणतो, “बरे केले, ताई. पुन्हा वास आला तर पुन्हा हाक द्या,” आणि पट्टा चढविण्यास सांगतो.