बिल कोणाचं, कोर्ट कुठलं?

2017 च्या डिसेंबरात आयर्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या कॉर्क आणि केरी भागातून मोतीबिंदूच्या रुग्णांना घेऊन बस निघू लागल्या. मायकेल कॉलिन्स आणि डॅनी हीली-रे या दोन खासदारांनी हा बेत आखला होता. जायचं होतं बेलफास्टला, म्हणजे अख्खा देश ओलांडून उत्तर आयर्लंडमध्ये, युनायटेड किंगडमच्या हद्दीत. घरच्या सरकारी रुग्णालयात नंबर लागेपर्यंत दिसायचं बंद होईल, अशी म्हाताऱ्या माणसांची भीती होती. बेलफास्टच्या खासगी रुग्णालयात पैसे आधी भरायचे, प्रसंगी पतपेढीतून कर्ज काढायचं आणि घरी आल्यावर कागद पाठवून आयर्लंडच्या आरोग्यसेवेकडून ते परत मिळवायचे.

याला आधार होता युरोपियन युनियनच्या 2011 च्या एका निर्देशाचा. जो उपचार तुमच्या देशात सरकारी खर्चाने मिळायला हवा, तो युनियनमधल्या दुसऱ्या देशात, अगदी खासगी दवाखान्यातही घेता येई. मायदेशी त्यावर जेवढा खर्च झाला असता, जास्तीत जास्त तेवढी भरपाई मिळे. त्याहून जास्तीचे पैसे आणि प्रवासखर्च आपल्या खिशातून.

कुठल्या सरकारने हा हक्क खुशीने दिला नव्हता, तो कोर्टाच्या निकालांतून आला. 1998 मध्ये लक्झेंबर्गच्या दोन नागरिकांचे खटले युरोपीय न्यायालयात निकाली निघाले. डेकर यांनी बेल्जियममधल्या आर्लों गावात चष्मा घेतला होता. कोल यांना मुलीचे दात जर्मनीतल्या ट्रिअरमध्ये सरळ करून घ्यायचे होते. पूर्वपरवानगीच्या नावाखाली विमा निधीने घातलेली आडकाठी न्यायालयाने मोडून काढली. मग पाळी ब्रिटनची आली. इव्हॉन वॉट्स या वृद्ध बाईंना खुब्याच्या ऑपरेशनसाठी थांबायला सांगितलं होतं. त्यांनी 2003 मध्ये फ्रान्समधल्या अबव्हील इथे जाऊन ते करून घेतलं आणि 3,900 पौंडांचं बिल ब्रिटिश आरोग्यसेवेकडे मागितलं. प्रतीक्षायादी आहे एवढंच कारण पुरेसं नाही, त्या रुग्णाची प्रकृती किती थांबू शकते ते बघा, असं न्यायालयाने 2006 मध्ये बजावलं. सरकारी सेवेला तिच्या स्वतःच्या रुग्णाने परदेशी कोर्टापर्यंत खेचावं, याचं मला तरी आजही अप्रूप वाटतं.

या निर्देशाच्या कितीतरी आधीपासून दुसरी एक वाट होतीच आणि ती जास्त वापरातली. तिचा पाया सामाजिक सुरक्षेचे नियम. त्यात एकच प्रश्न विचारायचा: या माणसाच्या उपचाराचा खर्च कोणत्या देशाच्या माथी? प्रवासात अचानक आजारी पडलात तर त्यासाठी युरोपियन आरोग्य कार्ड. ठरवून उपचाराला जायचं तर आधी मंजुरी घेऊन मिळणारा एस-टू फॉर्म. आणि निवृत्तीनंतर स्पेनच्या किनाऱ्यावर जाऊन राहिलेल्या ब्रिटिश पेन्शनरांसाठी एस-वन. हा कागद स्पेनच्या सामाजिक सुरक्षा कार्यालयात नोंदवला की गावातल्या आरोग्य केंद्रात ते स्पॅनिश माणसांसारखेच रांगेत उभे राहत. ब्रिटन दर पेन्शनरामागे ठरलेली सरासरी रक्कम स्पेनला देई. अशा पेन्शनर आजींना बिल दिसतच नसे.

23 जून 2016 ला सार्वमत झालं आणि 31 जानेवारी 2020 ला ब्रिटन बाहेर पडलं. तरी त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत जुनेच नियम चालू राहिले. म्हणून आज कोणाचंही प्रकरण हातात घेतलं की पहिला प्रश्न हाच: त्या दिवशी तुम्ही कुठे राहत होता? त्याआधी स्पेनमध्ये स्थायिक झालेल्या आजींचा एस-वन ‘माघार करारा’ने राखला, तिथे राहत असतील तोवर तो त्यांचा. नंतर गेलेल्यांना 2021 पासूनचा व्यापार व सहकार्य करार लागू.

भावाभावांनी चुली वेगळ्या केल्या तरी म्हाताऱ्या आईच्या औषधपाण्याचं कोणी बघायचं हे आधी ठरवावं लागतं. या कराराला जोडलेला सामाजिक सुरक्षेचा प्रोटोकॉल तेच करतो. त्यात तिन्ही कागद बहुतांशी टिकले. ब्रिटनने आपल्या कार्डाला नवं नाव दिलं, ‘ग्लोबल’. नाव मोठं असलं तरी त्याचा उपयोग मुख्यतः युरोपातच होतो. ते फुकट मिळतं. अर्ज भरून देण्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटपासून सावध राहावं. खासगी रुग्णालय किंवा आजारी माणसाला विमानाने घरी आणण्याचा खर्च त्यात आधीही बसत नव्हता, आताही नाही.

गेला तो निर्देश. आधी जा, नंतर बिल मागा, ही सोय ब्रिटन आणि युनियन यांच्यात संपली. मग त्या बसचं काय झालं? डब्लिनने 1 जानेवारी 2021 पासून जवळजवळ तशीच, पण केवळ उत्तर आयर्लंडपुरती योजना सुरू केली. उलट दिशेने, म्हणजे उत्तरेकडच्या रुग्णांनी दक्षिणेत जाऊन उपचार घ्यावेत यासाठी, बेलफास्टनेही 2021 च्या जूनअखेरीस भरपाई योजना काढली. ती तात्पुरती होती आणि तिला 50 लाख पौंडांची मर्यादा होती. वरवर रुग्णाला फरक दिसत नाही. पण हक्क नाकारला तर कोर्टात जाता येतं. योजनेतला निधी आटला की पुढच्या अर्थसंकल्पाची वाट बघावी लागते.

दोन सरकारांनी थेट आपसात ठरवलेल्या गोष्टी मात्र फारशा हलल्या नाहीत. उत्तर आयर्लंडमधल्या डेरीच्या ऑल्टनागेल्विन रुग्णालयातलं किरणोपचार केंद्र 2016 मध्ये सुरू झालं, त्यात आयर्लंडनेही पैसे घातले. सीमेपलीकडच्या डोनेगलमधले कर्करुग्ण डब्लिन-गॉलवेची लांबची वारी टाळून तिथे येतात. उत्तरेकडच्या बाळांच्या हृदयशस्त्रक्रिया डब्लिनला होतात. पण इथेही एक धागा युनियनच्या हातात होता. रुग्णाचे रिपोर्ट डब्लिनहून डेरीला विनाअडथळा पाठवायचे तर ब्रिटनमध्ये खासगी माहितीला पुरेसं संरक्षण आहे असं युनियनने मान्य करायला हवं. ती मान्यता 28 जून 2021 ला मिळाली.

कायद्याच्या बाजूला गुंता जास्त आहे. समजा, इंग्लंडमधल्या लीड्सच्या बाईंना सुट्टीत स्पेनमध्ये गाडीने उडवलं. पूर्वी त्या स्पॅनिश विमा कंपनीवर थेट आपल्या गावच्या कोर्टात दावा लावू शकत. युरोपीय न्यायालयाने 2007 मध्येच तसं म्हटलं होतं. निकाल लागला की तो स्पेनमध्ये जवळपास आपोआप लागू होई. आता त्यांना इंग्लिश कोर्टाला आधी पटवावं लागतं की हा दावा स्पेनमध्ये नाही, इथेच चालवणं योग्य आहे. ते पटलं तरी भरपाई सामान्यतः स्पॅनिश कायद्याने मोजायची, कारण तो नियम ब्रिटनने स्वतःच्या कायद्यात ठेवून घेतला आहे. आणि निकाल हातात आल्यावर वसुली? एकमेकांच्या कोर्टांचे निकाल मानण्याच्या लुगानो करारात येण्यासाठी ब्रिटनने 2020 च्या एप्रिलमध्ये अर्ज केला होता, पण युरोपीय आयोगाने 2021 मध्ये विरोध केला. 1 जुलै 2025 पासून ब्रिटनला त्याच विषयावरचा 2019 चा हेग करार लागू झाला, पण तो त्यानंतर दाखल झालेल्या दाव्यांपुरता. शिवाय इजेच्या दाव्यात त्याची अट अशी की, इजा करणारी कृती ज्या देशात घडली त्याच देशातल्या कोर्टाचा निकाल हवा. गाडीने उडवलं स्पेनमध्ये. मग लीड्सच्या निकालाचा उपयोग तो काय? बाईंनी सरळ स्पेनमध्ये वकील बघावा, हे बरं.

गोव्याच्या घराघरांत हे सगळं वेगळ्या वाटेने पोचलं. 1961 मध्ये पोर्तुगीज राजवट संपण्यापूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला असल्याने कितीतरी गोंयकार युनियनमधल्या त्या देशाच्या पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला जाऊन स्थायिक झाले. 2020 संपण्यापूर्वी तिथे राहायला लागून 30 जून 2021 च्या मुदतीत राहण्याच्या हक्कासाठी अर्ज केलेल्यांना आरोग्यसेवा पूर्वीसारखीच मिळते. त्यानंतर कामासाठी जाणाऱ्या धाकट्या भावाला मात्र त्याच पासपोर्टवर, पुण्याहून जाणाऱ्या इंजिनिअरसारखाच, व्हिसा लागतो. लांब मुदतीच्या व्हिसासोबत आरोग्य अधिभारही आला. फेब्रुवारी 2024 पासून तो प्रौढ माणसाला सामान्यतः वर्षाला 1,035 पौंड आहे आणि व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचा अर्जासोबतच भरायचा.

स्पेनला आता निघालेल्या पेन्शनरांनी एक तारीख मात्र ध्यानात ठेवायला हवी. सामाजिक सुरक्षेचा तो प्रोटोकॉल कायमचा नाही. करार 1 मे 2021 ला पूर्णपणे अमलात आला आणि प्रोटोकॉलमध्ये स्वतःची मुदत तेव्हापासून पंधरा वर्षांची लिहिलेली आहे. 2036 च्या आत दोन्ही बाजू पुन्हा बसल्या नाहीत, तर उपचाराचं बिल कोणाच्या माथी, हा प्रश्न पहिल्यापासून सोडवावा लागेल.