विलायतेची उचल

मुलांनी विलायतेस शिकावयास जावे की न जावे, हा आमचा विषय नव्हे. जावे, असेच आमचे मत आहे. आज बोलावयाचे ते जाण्याच्या पैशाविषयी. हा पैसा कोणाचा, कोणत्या अटीवर मिळतो आणि फिटला नाही तर कोणाच्या दाराशी येतो, हे समजल्यावाचून साक्रीच्या घरातून कोणी परदेशाचा अर्ज भरू नये.

आपल्या भागाला उचल नवी नाही. ऊसतोडीला निघणारे जोडपे मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेते, गाव सोडते आणि हंगामभर अंगमेहनतीने ती फेडते. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या बोकांडी बसते. मजुरांत काम करताना आम्ही एकच प्रश्न विचारीत आलो: किती मिळाले ते नंतर सांगा, कशाच्या बदल्यात मिळाले ते आधी सांगा. परदेशी शिक्षणालाही हाच प्रश्न लावून पाहू.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. रक्कम दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. बदल्यात शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार. पुढे ते लंडनला गेले, पण मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले. तेथे अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या पारशी लोकांनी त्यांना बाहेर काढले. करारात नोकरीचे कलम होते, छपराचे नव्हते! कागदावर काय आहे तेवढेच वाचून भागत नाही, काय नाही तेही पाहावे लागते.

दुसऱ्या खेपेस त्यांनी वेगळी वाट धरली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पगारातून शिल्लक टाकली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, आणि नवल भथेना या मित्राने कर्जाऊ रक्कम दिली. हा मित्र पारशीच होता, हेही सांगून टाकतो. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली बॅरिस्टर होऊन परतले; त्याच वर्षी लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली. ही बॅरिस्टरी ३१ जुलै १९३७ रोजी आपल्या धुळ्याच्या न्यायालयातही उभी राहिली. त्या वेळी ते लळिंगच्या बंगल्यात उतरले होते.

आता आजचा हिशेब. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला बँक बहुधा तारण मागते; घर, बिनशेती प्लॉट किंवा ठेव. शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत, कारण बुडीत कर्जाचे तारण कोर्टाबाहेर विकण्याचा जो सरफेसी कायदा २००२ साली झाला, तो शेतजमिनीला लागू नाही. म्हणजे दहा एकरांचा बागायतदारही बँकेच्या लेखी रिकाम्या हाताचा. मग तो जमीन विकतो, नाहीतर जास्त व्याजाच्या खाजगी कंपनीकडे वळतो. आदिवासीची जमीन तर बिगरआदिवासीकडे सहजी जाऊ नये अशी तरतूद महसूल संहितेत आहे, आणि ती योग्यच आहे.

कर्जाची फेड साधारणतः अभ्यासक्रम संपल्यावर वर्षाने सुरू होते. पुष्कळांची समजूत अशी की तोवर व्याजही थांबते. ते थांबत नाही. समजा, तीस लाख रुपये प्रारंभीच उचलले आणि व्याज सरळ दहा टक्के असले, तर दोन वर्षांचे शिक्षण व एक वर्षाची सवलत मिळून पहिल्या हप्त्याआधीच नऊ लाख व्याज चढते.

म्हणून कर्जाआधी शिष्यवृत्ती पाहावी. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, जागा ७५. आदिवासी व इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या योजना आहेत. ७५ जागा साऱ्या महाराष्ट्राला पुरतात काय, हा प्रश्न सभेत विचारण्याजोगा आहे. पण आहेत त्या जागांची माहिती तरी गावोगाव पोहोचावी. उत्पन्नाचा दाखला व जातवैधता वेळेवर नसली की हुशार मुलगाही मागे राहतो. ही कागदपत्रे प्रवेशाच्या वर्षभर आधी काढून ठेवावीत.

शहरात ‘फुकट सल्ला’ देणारी परदेशी प्रवेशाची दुकाने असतात. सल्ला फुकट का, तर पुष्कळ परदेशी विद्यापीठे पाठविलेल्या विद्यार्थ्यामागे दुकानदाराला कमिशन देतात. मुकादमालाही कारखान्याकडून ते मिळतेच. सगळेच लबाड असतात असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याची फी आपण देत नाही, तो आपला वकील नव्हे.

‘तिथे काम करून फेडीन,’ असे मुले म्हणतात. इंग्लंडमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असता बहुधा आठवड्यास वीस तासच काम करता येते. अमेरिकेत विद्यापीठाच्या आवारातील कामालाही तेवढीच मर्यादा आहे. त्यातून फार तर जेवणखाण निघेल, कर्ज नव्हे. अधिक तास केले तर व्हिसा धोक्यात येतो, आणि हे ओळखून असलेला मालक चोरून राबवून कमी मजुरी हातावर टेकवू शकतो. तक्रार कोठे करणार? तरीही इंग्लंडमध्ये कायदेशीर काम करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला किमान वेतन लागू असते आणि त्याला कामगार युनियनचे सभासदही होता येते. मुलाची बॅग भरताना लोणच्याच्या बरणीबरोबर एवढे त्याच्या कानावर घालावे.