निरोप दलालाविना, डागडुजी सर्वांच्या हातांनी

रेल्वेच्या रुळांवरून रोज एक माणूस हातोडा आणि पाना घेऊन चालत जातो. आपल्या पट्ट्यातली सैल झालेली चावी ठोकून बसवायची, ढिला नट आवळायचा, रुळाला तडा दिसला तर गाडी थांबवायची, हे त्याचे काम. त्याला कीमन म्हणतात. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरात रेल्वेची नोकरी झाली आहे, त्यांना हे सांगायला नको. गाडी वेळेवर पोचली तर कीमनची आठवण कोणाला होत नाही.

संगणकाच्या जगातही असे कीमन आहेत. आपली मुले-मुली आता संगणकाचे शिक्षण घेऊ लागली आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांनी ‘ज्युपिटर नोटबुक’ वापरले असेल. विद्यार्थी पडद्यावर गणित किंवा प्रोग्राम लिहितो, बटण दाबतो आणि खाली उत्तर येते. पण लिहून घेणारा प्रोग्राम वेगळा असतो आणि गणित करणारा वेगळा. या दोघांमध्ये निरोपांची ने-आण करते ती ‘झीरोएमक्यू’ नावाची यंत्रणा. ती फुकट मिळते आणि तिचा आतला मजकूर कोणालाही वाचता येतो, बदलता येतो. अशा सॉफ्टवेअरला ओपन सोर्स म्हणतात. मग प्रश्न पडतो, की फुकट मिळणाऱ्या वस्तूची डागडुजी करतो कोण? आणि ती करण्याचा अधिकार कोणाला?

आधी नावातले शून्य समजून घेऊ. नाक्यावर मजुरी मिळवायची तर मुकादमामार्फत जावे लागते. मुकादम आला नाही, की त्या दिवशी सगळ्यांचीच मजुरी बुडते. संगणकातही निरोप गोळा करून वाटणारा एक प्रोग्राम मधे बसवण्याची पद्धत आहे, आणि त्याला ‘ब्रोकर’ म्हणजे दलाल असेच नाव आहे. सोय मोठी, पण तो बंद पडला की सारे अडते. झीरोएमक्यूमध्ये असा दलाल ठेवण्याची सक्ती नाही. निरोप पाठवण्याची युक्ती प्रत्येक प्रोग्रामच्या पोटातच असते. समोरचा क्षणभर गायब झाला तर ती निरोप रांगेत धरून ठेवते आणि तो परतला की आपणहून पुन्हा जोडून घेते.

याची सुरुवात बँकेच्या व्यवहारातून झाली. जे. पी. मॉर्गन चेस या अमेरिकन बँकेला निरोपांसाठी सर्वांना वापरता येईल असा एक समान नियम हवा होता. त्यातून ‘एएमक्यूपी’ जन्माला आला. त्या कामात बेल्जियमची आयमॅटिक्स ही छोटी कंपनी होती. तिचे प्रमुख पीटर हिंट्येन्स. पुढे त्या नियमाचे कागद इतके वाढले, समित्यांचा घोळ इतका झाला, की २००८ मध्ये ही कंपनी त्यातून बाहेर पडली. त्याआधीच, २००७ पासून, मार्टिन सुस्ट्रिक या स्लोव्हाक प्रोग्रामरच्या हातून झीरोएमक्यू आकार घेत होते.

सुधारणा म्हणजे काय, याचे एक उदाहरण देतो. झीरोएमक्यूमध्ये एकाने बोलायचे आणि अनेकांनी ऐकायचे, अशी एक पद्धत आहे. सभेतल्या लाऊडस्पीकरसारखीच. उशिरा आलेल्याला सुरुवातीचे भाषण ऐकू येत नाही, तसे उशिरा जोडलेल्या प्रोग्रामचे पहिले निरोप हुकतात. पण ऐकणारा हजर असून मंद असेल तर? २ क्रमांकाच्या मालिकेत रांगेला मुळात मर्यादाच नव्हती. निरोपांचा ढीग साचत जाई आणि शेवटी यंत्राची मेमरी भरून जाई. ३ क्रमांकाच्या मालिकेपासून मुळातच १००० निरोपांची मर्यादा घातली गेली. त्यापुढचे निरोप, या बोलण्या-ऐकण्याच्या पद्धतीत, टाकून दिले जातात. यंत्र वाचले खरे, पण जुन्या सवयीने काम करणाऱ्याचे निरोप आता गुपचूप गळू लागले. एक भोक बुजवले की दुसरीकडून पाणी झिरपते, हे चाळीत राहणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. म्हणूनच मर्यादा किती ठेवावी हे वापरणाऱ्याला ठरवता येते.

आता माणसांकडे वळू. कारण सॉफ्टवेअर बहुधा माणसांच्या भांडणातच मोडते. २०१२ च्या सुमारास या प्रकल्पात मतभेद झाले. सुस्ट्रिक बाहेर पडले, त्यांनी ‘क्रॉसरोड्स आय-ओ’ नावाची वेगळी शाखा काढली आणि नंतर ‘नॅनोमेसेज’ हा नवा प्रोग्राम लिहिला. ओपन सोर्समध्ये असे वेगळे होण्याचा हक्क प्रत्येकाला असतो. त्याला चोरी म्हणत नाहीत. पण ज्याने मूळ घर बांधले तोच निघून गेल्यावर घर चालवायचे कसे?

हिंट्येन्स यांनी याचे उत्तर २०१२ मध्ये एका लेखी कराराने दिले. त्याचे नाव ‘सी-फोर’. हा करार आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यातले एक कलम असे, की कोणताही भेदभाव न करता प्रत्येकाला या कामात हातभार लावण्याचा समान हक्क आहे. कोणाची पदवी विचारायची नाही, कोणत्या कंपनीत आहे ते विचारायचे नाही. आडनाव ऐकून समोरच्याचा चेहरा कसा बदलतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या कलमाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

पण नुसता हक्क लिहून भागत नाही, तो अंमलात आणायची व्यवस्था लागते. ती या करारात आहे. दुरुस्ती पाठवणाऱ्याने एकच अडचण नेमकी सांगायची आणि तिच्यापुरताच बदल करायचा. प्रकल्पाची देखभाल करणाऱ्याने, दुरुस्ती नियमात बसत असेल तर, ‘मला ती आवडली नाही’ म्हणून अडवायची नाही, लवकर सामील करून घ्यायची. देखभाल करणाऱ्यालाही स्वतःची दुरुस्ती स्वतःच मंजूर करता येत नाही, दुसऱ्याने ती पाहावी लागते. दुसरे कोणी फार काळ उत्तरच देत नसेल तर गोष्ट निराळी. जे लोक आधीपासून वापरत आहेत त्यांचे काम नव्या बदलाने मोडता कामा नये. आणि प्रत्येकाने लिहिलेल्या ओळींची मालकी ज्याची त्याच्याकडेच राहते.

या शेवटच्या कलमाची परीक्षा पुढे झाली. झीरोएमक्यूचा जुना परवाना काही कंपन्यांना अडचणीचा वाटे, म्हणून तो बदलून ‘मोझिला पब्लिक लायसन्स’ आणायचे ठरले. एखाद्या कंपनीच्या मालकीचे सॉफ्टवेअर असते तर मालकाच्या एका सहीने काम झाले असते. इथे ज्यांनी ज्यांनी ओळी लिहिल्या होत्या त्यांची त्यांची संमती गोळा करावी लागली. जिथे ती मिळवता आली नाही, तिथले काम नव्याने, स्वतंत्रपणे लिहून काढावे लागले. वर्षे गेली. २०२३ मध्ये ४.३.५ ही आवृत्ती निघाली तेव्हा हे काम पुरे झाले. हा व्याप टाळता आला असता, असे कोणी म्हणेल. आमच्या मते, थोडे लिहिणाऱ्याचाही शब्द विचारात घेतला गेला, ही लहान गोष्ट नव्हे.

देखभालीचा दुसरा भाग धोक्याचा. २०१३ च्या ४.० मालिकेत निरोप गुप्त ठेवण्यासाठी कुलूप बसवले गेले होते. २०१९ च्या जुलैमध्ये उघड झाले, की त्या कुलपातच फट आहे आणि ओळख न पटवलेला परकाही बाहेरून जोडून यंत्राच्या मेमरीत नको ते घुसवू शकतो. दुरुस्ती ४.३.२ मध्ये आली. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. जुन्या मालिका वापरणाऱ्यांसाठी ४.१.७ आणि ४.०.९ याही आवृत्त्या काढल्या. सहा वर्षांपूर्वीची मालिका कोण अजून वापरतो, असे म्हणून ते गप्प बसले नाहीत.

तोवर हिंट्येन्स जगात नव्हते. कर्करोग पसरल्याचे २०१६ मध्ये कळल्यावर त्यांनी मरणाविषयी उघडपणे लिहिले आणि ४ ऑक्टोबर २०१६ रोजी, बेल्जियमच्या कायद्याने दिलेल्या इच्छामरणाच्या मार्गाने ते गेले. म्हणजे २०१९ ची दुरुस्ती आणि २०२३ चा परवाना, दोन्ही कामे त्यांच्या मागे इतरांनी पार पाडली.

सारेच गोड आहे असे नाही. २०२४ च्या मार्चमध्ये ‘एक्सझेड’ या दुसऱ्या एका ओपन सोर्स प्रोग्रामात चोरवाट सापडली. तिथे कोणा एकाने दोन-अडीच वर्षे गोड बोलून, कामे करून विश्वास मिळवला होता, आणि देखभाल करणारा मूळ माणूस एकटा आणि थकलेला होता. एका प्रोग्रामरला लॉगिन होताना अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, म्हणून बिंग फुटले. दार सर्वांना उघडे ठेवायचे तर दारावर जागणारी माणसेही पुरेशी हवीत. एकट्यावर भार टाकून जग फुकट वापरत राहिले, तर दोष त्या एकट्याचा नव्हे.

आपल्या घरातल्या संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना यात कुठे शिरता येईल? झीरोएमक्यूचा गाभा सी-प्लस-प्लस भाषेत आहे. जावा येणाऱ्यांसाठी ‘जेरोएमक्यू’ आहे, पायथनसाठी ‘पायझेडएमक्यू’ आहे. इंग्रजी माहितीपत्रकातली चूक दुरुस्त करणे हेही कामच धरले जाते. आधी वापरून पाहावे. जिथे अडेल तिथे ती अडचण दोन-तीन वाक्यांत लिहावी, कोणत्या आवृत्तीत आणि काय केल्यावर अडले ते सांगावे. मग तेवढाच बदल करून, सोबतच्या चाचण्या चालवून पाहाव्यात आणि पाठवून द्यावा. पहिल्या खेपेला तो परत आला तर कारण वाचावे. बहुतेक वेळा एकाच दुरुस्तीत दोन गोष्टी कोंबलेल्या असतात. त्या वेगळ्या करून पुन्हा पाठवाव्यात.